हिरड्यांची माघार

मराठी भाषेनें दांतांचें कोडकौतुक पुष्कळ केलें आहे. शरण जावयाचें झालें म्हणजे आपण दांतीं तृण धरतों. प्रतिपक्ष्याची फजिती करावयाची झाली म्हणजे त्याचेच दांत त्याच्या घशांत घालतों. राग अनावर झाला कीं दांतओठ खातों. आणि दैवाची उफराटी तऱ्हा सांगावयाची वेळ आली कीं चणे आणि दांत यांच्या चुकामुकीचा दाखला देतों. वर्गांतील मागच्या बांकांवर बसणाऱ्या विद्यार्थ्यांस उपदेश करतां करतां आमच्या दांतांच्या कण्या होऊं लागल्यास आतां तीस वर्षें होत आलीं. परंतु एवढ्या या वाग्वैभवांत हिरडीच्या वांट्यास एकही म्हण किंवा वाक्प्रचार आलेला आम्हांस आठवत नाहीं. ज्या यजमानाच्या ओसरीवर बत्तीस मानकरी पंगत मांडून बसतात, त्या यजमानाचें नांवही कोणी घेऊं नये, असा हा प्रकार आहे. यजमान उठून चालूं लागला म्हणजेच त्याची आठवण होते.

आणि हिरडी चालूं लागते तीही फार सभ्यपणें. दांत दुखूं लागला म्हणजे तो सारें घर जागें करतो; हिरडी वर्षाकाठीं केसभर मागें सरते आणि कोणास कळूंही देत नाहीं. पुढें आरशांत पाहणारास दांत पूर्वीपेक्षां लांब दिसूं लागतात. वास्तविक दांत वाढलेला नसतो; त्याच्या मुळावरचें पांघरूण सरकलेलें असतें. परंतु पहिली वर्दी बहुधा आरसा देत नाहीं, ती माठांतलें पाणी देतें. चैत्रांतल्या दुपारीं थंड पन्ह्याचा पेला तोंडास लावावा आणि मस्तकापर्यंत एक कळ सर्रकन् निघून जावी, असें झालें म्हणजे जाणावें कीं कोठें तरी मूळ उघडें पडलें आहे. दांताच्या वरच्या भागास निसर्गानें दंतवल्काचें टणक चिलखत दिलें आहे; मुळास तें दिलेलें नाहीं, कारण मुळानें कधीं उजेडांत यावें अशी त्याची योजनाच नव्हती. मुळावर जो पातळ लेप असतो तो झिजला कीं खालच्या थरांतील अतिसूक्ष्म नळ्यांचीं तोंडें उघडीं पडतात. या नळ्यांत द्रव असतो. थंडीनें किंवा वाऱ्याच्या झुळुकीनें तो हालतो आणि त्या हालचालीची बातमी दांताच्या गाभ्यांतील मज्जातंतूंस पोंचते. ब्रॅनस्ट्रॉम नांवाच्या स्वीडनमधील संशोधकानें १९६० नंतरच्या दशकांत हा उलगडा केला, आणि तो आज सर्वमान्य आहे.

हिरडी उतरली असें कोणी सांगितलें कीं आपल्या घरोघरीं एकच उत्तर तयार असतें: "वय झालें." इंग्रजी भाषेनें तर या समजुतीस शिक्कामोर्तबच केलें आहे. घोड्याचें वय त्याच्या दांतांच्या लांबीवरून ओळखतात, म्हणून तेथें म्हाताऱ्या माणसासही लांब दांतांचा म्हणण्याची चाल पडली. आमचे तीर्थरूप बावन्नाव्या वर्षीं पूर्ण बोळके झाले. रात्रीं त्यांची कवळी पेल्यांत पाण्याखालीं हंसत बसलेली असे, आणि त्याबद्दल घरांत कोणास खेद वाटल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. केस पांढरे व्हावयाचे, दृष्टि मंद व्हावयाची, तसे दांत जावयाचे; यांत वैद्यानें करण्यासारखें काय आहे, असा सर्वांचा शांत समज होता. या शांत समजानें आपल्या समाजाचे जितके दांत पाडले तितके कोणत्याही चिमट्यानें पाडले नसतील, असें आम्हांस आतां वाटतें.

हा समज खोटा ठरविणारा एक प्रयोग आम्हां प्राध्यापक मंडळींस विशेष जवळचा आहे. लो नांवाच्या एका नॉर्वेजियन शास्त्रज्ञानें आपल्या सहकाऱ्यांसह १९६९ सालीं ऑस्लो येथील विद्यार्थी व अध्यापक यांचा एक गट, आणि १९७० सालीं श्रीलंकेंतील चहाच्या मळ्यांवरील मजुरांचा दुसरा गट, असे दोन गट निवडले आणि त्यांच्या हिरड्या पुढें कित्येक वर्षें वेळोवेळीं तपासल्या. पहिल्या गटास लहानपणापासून दंतवैद्याची सोय. दांत घांसण्याची संवय हाडींमाशीं खिळलेली. दुसऱ्या गटास दंतवैद्य ठाऊक नाहीं आणि ब्रशही ठाऊक नाहीं. १९९२ सालीं या निरीक्षणांतील हिरड्यांच्या माघारीचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. मजुरांच्या हिरड्या दांतांच्या सर्व बाजूंनीं उतरल्या होत्या, यांत नवल नाहीं. नवल हें कीं ऑस्लोच्या विद्वानांच्या हिरड्याही उतरल्या होत्या. मात्र त्या मुख्यतः दांतांच्या बाहेरच्या, म्हणजे गालाकडील बाजूस, जेथें ब्रश सर्वांत सोयीनें आणि सर्वांत जोरानें फिरतो तेथें. एकाचा नाश अस्वच्छतेनें, दुसऱ्याचा स्वच्छतेच्या आवेशानें! भगवद्गीतेंत युक्ताहारविहाराचा जो महिमा सांगितला आहे त्यांत दंतधावनही धरावयास हरकत नाहीं.

तेव्हां हिरडी जाते ती वयामुळें नव्हे, तर वयाच्या ओघांत सांचत गेलेल्या कारणांमुळें. पहिलें कारण दांताच्या मुळाशीं बसणारा चिकट थर आणि त्याचें पुढें होणारें किटण. त्यांत जंतु वाढतात, हिरडी सुजते, रक्त येतें, आणि उपेक्षा झाल्यास खालचें हाड विरघळूं लागतें. हाड खचलें कीं हिरडी त्याच्या मागोमाग जाते. याच लो यांनीं १९६५ सालीं डेन्मार्कमध्यें बारा निरोगी माणसांस दांत घांसणें बंद करावयास सांगितलें. तीन आठवड्यांच्या आंत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या आणि घांसणें पुन्हां सुरू होतांच त्या पूर्ववत् झाल्या. दुसरें कारण कडक ब्रश आणि आडवा घांसण्याचा जोर. तिसरें जन्मजात: कोणाची हिरडी मुळांतच कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ असते, कोणाचा दांत रांगेच्या थोडा पुढें उभा असतो आणि त्याच्यापुढें हाडाचा पडदा नांवालाच असतो, कोणाच्या ओठाच्या आंतील बंध हिरडीस सतत ओढीत असतो. चौथें कारण तंबाखू. आणि तिचें जें रूप आपल्या खेड्यापाड्यांतील बायकांनीं दंतमंजन म्हणून पत्करलें, ती मशेरी.

हा रोग आपल्या पूर्वजांस ठाऊक नव्हता असें नाहीं. सुश्रुतानें दंतमूलाचे पंधरा रोग वर्णिले आहेत, आणि त्यांतील शीताद नांवाच्या रोगांत हिरड्यांतून अकारण रक्त येतें, त्या काळवंडतात, मऊ पडतात आणि सडून गळूं लागतात, असें लक्षण दिलें आहे. हिरडीशीं केवळ एका स्वराचा भेद असलेला हिरडा आपल्या मंजनांत आणि गुळण्यांत आला तो याच परंपरेंतून. तो तुरट असल्यामुळें सुजलेल्या हिरडीस आवळून धरतो, ही गोष्ट खरी आहे. परंतु सूज उतरणें निराळें आणि गेलेली हिरडी पुन्हां वाढणें निराळें. कोणतेंही तेल, पूड, काढा किंवा लेप चोळून उतरलेली हिरडी वर चढत नाहीं. हें वाक्य कडू आहे. पण ज्यांस या बाबतींत उगाच पैसे दवडावयाचे नसतील त्यांनीं तें प्रथम गिळावें.

युरोपीय वैद्यकानेंही या बाबतींत मोठी शांतवृत्ति दाखविली असें म्हणवत नाहीं. १९१० सालीं हंटर नांवाच्या एका ब्रिटिश डॉक्टरानें माँट्रियल येथील व्याख्यानांत तोंडांतील पू हा अनेक रोगांचें माहेरघर आहे असा जोराचा हल्ला चढविला, आणि पुढें वीस-पंचवीस वर्षें सांधेदुखीपासून मनोविकारापर्यंत कशावरही सरसकट दांत उपटण्याची लाट उसळली. 'पायोरिया' हा शब्द मराठी घरांत भुतासारखा शिरला तो त्याच काळाच्या आगेंमागें. आपल्या देशांतील पहिलें दंतवैद्यक महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनीं कलकत्त्यास काढलें तें १९२० सालीं. म्हणजे दांत उपटणें हा इलाज नसून इलाजाची हार आहे, हें आपल्याकडे शिकविलें जाऊं लागल्यास पुरतीं सवाशें वर्षेंही झालेलीं नाहींत.

आतां उपायांकडे वळूं. उपायांचे दोन वर्ग आहेत, आणि सारा घोटाळा हे दोन एक समजल्यामुळें होतो. पहिला वर्ग माघार थांबविणारा. दुसरा गेलेला प्रदेश परत मिळविणारा.

पहिल्या वर्गांत डोळे दिपविणारें कांहीं नाहीं. दंतवैद्य दांतांवरील आणि हिरडीखालील किटण काढतो व मुळें गुळगुळीत करतो. घरीं मऊ ब्रश वापरावयाचा, तो हिरडी आणि दांत यांच्या सांध्यावर पंचेचाळीस अंशांच्या कोनांत टेकवून अगदीं थोडा हलवावयाचा, आणि दांतांमधील फटी त्यांच्यासाठीं मिळणाऱ्या बारीक ब्रशानें साफ करावयाच्या. ही पद्धत अमेरिकेंतील बॅस नांवाच्या वैद्यानें गेल्या शतकाच्या मध्यास रूढ केली. थंडीची कळ शमविण्यासाठीं जीं मलमें येतात त्यांतील पुष्कळांत पोटॅशियम नायट्रेट असतें. म्हणजे बंदुकीच्या दारूंत पडणारा आपला जुना सोरा तो हाच! तो मज्जातंतूंस शांत करतो. मुळास खांच पडली असेल तर ती दांताच्या रंगाच्या पदार्थानें भरतां येते; वांकडा दांत तारेनें रांगेंत आणतां येतो; फार पुढें आलेल्या रोगांत दांतांच्या मुळाशीं बसणारी गुलाबी, खोटी हिरडीही करून देतात.

दुसऱ्या वर्गांतील उपाय शस्त्रक्रियेचे आहेत, आणि त्यांचें मूळ तत्त्व ऐकून पुणेकर वाचकांस थोडा अभिमान वाटावयास हरकत नाहीं. १७९४ सालच्या ऑक्टोबरांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगेझीन' या मासिकांत एक पत्र सचित्र छापून आलें. इंग्रजी फौजेंतील कावसजी नांवाच्या गाडीवानाचें नाक टिपूच्या कैदेंत कापलें गेलें होतें. पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या जातींतील कारागिरानें त्याच्या कपाळाचें कातडें सोडवून, भुंवयांमधील देंठ तसाच राखून, तें खालीं वळवून नवें नाक घडविलें, ही ती हकीकत. मांस हलवावयाचें पण त्याचा रक्ताचा देंठ तोडावयाचा नाहीं, हें यांतलें मर्म. ग्रूप आणि वॉरेन या दोघांनीं १९५६ सालीं शेजारच्या दांताची हिरडी देंठासकट सरकवून उघड्या मुळावर बसविण्याची जी रीत प्रसिद्ध केली तिचें मर्म हेंच आहे. १९६८ सालीं सलिव्हन आणि अॅटकिन्स यांनीं टाळूवरील कातडीचा तुकडा समूळ काढून तो हिरडीवर लावण्याची रीत नीट बसवून दिली. १९८५ सालीं लँगर आणि लँगर या एकाच आडनांवाच्या दोघांनीं त्यांत मोठी सुधारणा केली: टाळूच्या वरच्या कातडीचें झांकण उघडावयाचें, खालचें चिवट ऊतक तेवढें काढून घ्यावयाचें, झांकण पुन्हां शिवून टाकावयाचें, आणि तें ऊतक उघड्या मुळावर ठेवून त्यावर तेथलीच हिरडी ओढून घ्यावयाची. वरून आणि खालून असें दोहोंकडून रक्त मिळाल्यामुळें हें कलम चांगलें जगतें. आजही सर्वांत भरंवशाचा उपाय म्हणून याच्याकडेच बोट दाखवितात.

टाळूला धक्का लावूं नये म्हणून पुढें आणखीही युक्त्या निघाल्या. मृत्यूनंतर दान केलेल्या मानवी त्वचेंतील पेशी धुवून उरलेली जाळी वापरतात. डुकराच्या कोलॅजनचे पातळ पट्ट वापरतात. डुकराच्या पिलांच्या उगवत्या दांतांपासून काढलेला एक रस मुळास लावतात. ज्या वराहानें पृथ्वी दांतांवर तोलली त्यानेंच आज आपल्या दांतांस आधार द्यावा, यांत कोणी अवताराची पुनरावृत्ति पाहील. पण ज्यांस खाण्यापिण्याचे आणि धर्माचे निर्बंध आहेत त्यांनीं कोणता पदार्थ कोठून आला हें आधीं विचारून घ्यावें. तो प्रश्न विचारण्यांत कसलाही मागासलेपणा नाहीं. २००१ पासून रुग्णाचेंच थोडें रक्त फिरवून त्यांतील तंतुमय साका वापरण्याचीही एक रीत आली आहे. शिवाय हिरडीस टांचणीएवढें छिद्र पाडून आंतून ती मोकळी करून ओढण्याची रीत कॅलिफोर्नियांतील चाओ यांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केली.

इतके उपाय ऐकून वाचक म्हणतील, मग उशीर कशाला? येथेंच निसर्गानें एक अट घालून ठेवली आहे. मिलर यांनीं १९८५ सालीं माघारीचे चार वर्ग पाडले. कैरो प्रभृतींनीं २०११ सालीं ते अधिक सुटसुटीत करून तीनांवर आणले. दोहोंचें तात्पर्य एकच: उघडें मूळ झांकलें जाईल कीं नाहीं हें त्या मुळावर अवलंबून नसून त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांमधलें हाड शाबूत आहे कीं नाहीं यावर अवलंबून आहे. तें हाड शाबूत असेल तर मूळ पूर्ण झांकण्याची आशा धरावी. थोडें खचलें असेल तर थोडी. आणि पार खचलें असेल तर कुशल हातही कांहीं करूं शकत नाहीं. शेजारधर्माचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस पौरस्त्य किंवा पाश्चात्य नीतिशास्त्रांत आढळलेलें नाहीं.

ही अट आमच्या घरांत एका विलक्षण रीतीनें प्रत्ययास आली. आमच्या खालच्या रांगेंतील पुढचा एक दांत रांगेच्या थोडा बाहेर आहे, तेथली हिरडी जन्मतः पातळ आहे, आणि ओठाचा बंध तिला ओढीत होता. तीन वर्षांच्या मोजणींत ती दोन मिलिमीटरांवरून चारांवर गेली. त्याच सुमारास आमची थोरली भगिनी, जिला आम्ही ताई म्हणतों, सातारा जिल्ह्यांतील आपल्या गांवाहून उपचारासाठीं आमच्याकडे आली. तिचें वय अडुसष्ट. चाळीस वर्षें रोज सकाळीं मशेरी. बहुतेक दांतांचीं मुळें उघडीं आणि तीन दांत हालते. हिरड्यांच्या शास्त्राचा विशेष अभ्यास केलेल्या एकाच तरुण डॉक्टरीणबाईंनीं आम्हां दोघांस तपासलें. निकाल असा लागला कीं आमच्या त्या एका दांतास टाळूचें कलम लावावें, आणि ताईचे दांत नुसते साफ करावे.

हा निकाल ताईस अन्यायाचा वाटला. घरीं येतांच ती आम्हांस म्हणाली, "तुझ्या एका दांताला एवढें ऑपरेशन, आणि माझ्या सगळ्या तोंडाला नुसती झाडलोट! माझी आशा सोडली वाटतें रे त्यांनीं?" आमच्याजवळ याचें उत्तर नव्हतें, तें पुढल्या खेपेस डॉक्टरीणबाईंनीं दिलें. "काकू," त्या म्हणाल्या, "दादांची भिंत उभी आहे, नुसता गिलावा पडलाय. तुमची भिंतच खचत आलीय. आतां गिलाव्याचा विचार नको; उरलेली भिंत धरून ठेवूं. पण ती मी एकटी धरूं शकत नाहीं. ती मशेरी सोडलीत तर धरेल."

आमच्या शस्त्रक्रियेची हकीकत लांबविण्यासारखी नाहीं. ती सुमारे दीड तास चालली. हिरडीपेक्षां टाळूच अधिक दिवस दुखली. दोन आठवडे तेथें ब्रश लावावयाचा नव्हता, औषधी पाण्यानें नुसतें तोंड धुवावयाचें होतें, आणि मऊ भात, खिमट, दही यांवर भागवावयाचें होतें. ओठ फार हालूं नये म्हणून आठवडाभर बोलणें बंद होतें. प्राध्यापकाच्या मौनानें कोणाचें कांहीं अडत नाहीं, हें ज्ञान आम्हांस या निमित्तानें झालें. आमच्या कुटुंबानें तर हा उपचार दर वर्षीं करण्यासारखा आहे असें मत दिलें. मूळ बरेंचसें झांकलें गेलें, पूर्ण नाहीं; आणि पूर्ण झांकेल असें वचन त्या बाईंनीं आम्हांस दिलेलेंही नव्हतें.

ताईची हकीकत मात्र सांगण्यासारखी आहे. चाळीस वर्षांची मशेरी सोडणें म्हणजे काय हें ज्यांनीं सोडली त्यांनींच जाणावें. पहांटे उठून चुलीपाशीं बसण्याचा तो एकान्त, पोट साफ होण्याची ती खात्री, तें डोकें हलकें होणें, सारें एकदम गेलें. पहिल्या महिन्यांत तिनें दोनदां सोडली आणि दोनदां पुन्हां धरली. तिसऱ्या खेपेस तिनें मशेरी भाजावयाचा तवाच शेजारच्या मोलकरणीस देऊन टाकला, आणि "ह्याच्यावर भाकरीच भाज हो," असें बजावून सांगितलें. हिरडीखालचें किटण चार बैठकींत निघालें. पुढें दर तीन महिन्यांनीं ती एस्. टी. नें येते, तपासून घेते आणि जाते. या गोष्टीस पांच वर्षें झालीं. हालत्या तीनांतला एक दांत गेला. बाकीचे सारे आहेत. तिच्या हिरड्या एक केसभरही वर आल्या नाहींत, आणि मोजणीप्रमाणें एक केसभरही खालीं गेलेल्या नाहींत. वडिलांच्या पेल्यांतील कवळी जिनें लहानपणीं रोज धुतली, ती आज सत्तरी ओलांडून स्वतःच्या दांतांनीं भाकरी चावते.

या दोन उपचारांपैकीं मोठा कोणता, असें कोणी विचारलें तर आम्ही क्षणभरही न थांबतां ताईचा म्हणूं. आमचें कलम हें डॉक्टरीणबाईंच्या हाताचें कौशल्य. त्यांत आमचें कर्तृत्व खुर्चीवर निजण्याएवढेंच. ताईच्या उपचारांत कौशल्य थोडें आणि निश्चय फार. आपल्या इतिहासांतही गेलेला गड परत घेणाराचे पोवाडे झाले. पण पावसाळ्यामागून पावसाळे, पगार थकला तरी, हातचा गड राखून बसलेल्या हवालदाराचा पोवाडा कोणी केला नाहीं. हिरडीस वाक्प्रचार नाहीं त्याचेंही कारण हेंच असावें.

म्हणून कोणी जाहिरातींत एकाच बैठकींत साऱ्या हिरड्या वर चढवून देण्याचें आश्वासन दिलें, तर वाचकांनीं तीन प्रश्न विचारावे. माझी हिरडी कशामुळें गेली? ती अजून जात आहे कीं थांबली आहे? आणि दांतांमधलें हाड किती उरलें आहे? पहिल्याचें उत्तर मिळाल्याशिवाय केलेली शस्त्रक्रिया म्हणजे गळकें छप्पर तसेंच ठेवून भिंत रंगविणें होय. दुसऱ्याचें उत्तर "थांबली आहे" असें असेल, कळ येत नसेल आणि हंसतांना लाज वाटत नसेल, तर कांहीं न करतां मोजीत राहणें हाही शास्त्रशुद्ध उपाय आहे. तिसऱ्याचें उत्तर ऐकल्यावर आशा किती धरावी हें आपोआप कळतें.

येथवर वाचीत आलेले वाचक एव्हांना जिभेनें आपले दांत चांचपूं लागले असतील, अशी आमची खात्री आहे. जिभेवर विश्वास ठेवूं नये. ती सवयीनें सारें गोड मानून घेते. दिवा लावून आरशापुढें उभें रहावें, खालचा ओठ बोटानें ओढावा, आणि ज्या यजमानाचें नांव आजवर घेतलें नाहीं तो जागेवर आहे कीं उठून चालला आहे, तें डोळ्यांनीं पहावें. चालला असेल तर त्याला परत बोलावण्याची घाई न करतां प्रथम एवढेंच म्हणावें, कीं बाबा, थांब.